मेलेली तार

"पण मास्तर, माझं चुकलं काय?"

जयसिंगनं पुन्हा तेच विचारलं. पिराजी मास्तर तंबाखू मळत राहिले.

जयसिंग कंट्रोलरूमचा माणूस. त्यानं इथं बटण दाबलं की दहा कोसांवर रेल्वेच्या तारेतली वीज जायची. तारेचं काम मास्तरांनीच शिकवलेलं. हुशारी होती, मस्तीही होती. दोघी एका घरात नीट नांदत नाहीत. परवा त्याच्या शब्दावर गेणू वाकोडे तारेवर चढला, अन् खाली आला तो कोळसा होऊन.

उद्या चौकशी. मास्तरांनी साहेबांपुढं शब्द टाकला तरच नोकरी वाचायची.

"लाईन मी बंद केली होती. पडद्यावर शून्य होतं."

"होतं."

"मग?"

"गेणू फोनवर काय म्हणाला?"

"...आधी रॉड लावतो म्हणाला. तार जमिनीला जोडतो, मगच चढतो. पण मागं गाडी खोळंबली होती, मास्तर!"

"आणि तू काय म्हणालास?"

जयसिंग पुन्हा पडद्यावरच्या शून्याचंच सांगू लागला.

मास्तर उठले. त्याला घेऊन थेट गेणू चढला होता त्याच खांबापाशी गेले. खालची खडी अजून काळी होती. आज तिथं दुसरी गँग आलेली. माणसं बाजूला बसलेली, शिडी लावलेली, रॉड अजून जमिनीवरच.

"कंट्रोलला फोन लाव. विचार."

जयसिंगनं विचारलं. "लाईन बंद आहे म्हणतात."

"मग चढ. तार धर."

"...मी?"

"बंद आहे ना?"

जयसिंग चढला. शेजारच्या रुळावरची तार चालू होती, कानाशी गुणगुणत होती. चालू तार शेजारच्या मेलेल्या तारेतही वीज भरते, रॉड ती जमिनीत उतरवतो. मास्तरांनी हे घसा फोडून शिकवलं होतं.

त्यानं हात उचलला...

हात अर्ध्यातच राहिला. पुढं जाईना.

"मास्तर, आधी रॉड लावा."

"कशाला? वेळ जाईल. लाईन मेलीय, चढ बिनघोर."

जयसिंगनं शिडी घट्ट धरली. गेणूला तो हेच बोलला होता. शब्द न् शब्द.

कसाबसा खाली उतरला. हात थरथरत होता, दुसऱ्या हातानं दाबला तरी थांबेना.

"उद्या साहेबांपुढं... काय सांगू, मास्तर?"

मास्तर तंबाखू थुंकले.

"तोंड मीट. हा हात असाच घेऊन जा."