साहेबांचा चार पुडांचा डबा

कुरणवाडीच्या पेठेत अनसाक्काची बासुंदी नावाजलेली, आणि त्या बासुंदीवर अन्न निरीक्षक रणपिसे साहेबांचा डोळा. दर दसऱ्याला ते घरचा चार पुडांचा डबा घेऊन येत, "तपासणीला नमुना हवा," म्हणत आणि डबा काठोकाठ भरून नेत. तपासणीचा निकाल मात्र कधी आला नाही. नाही म्हणावं तर दुकानाला टाळं लागायची भीती, म्हणून अक्का गप्प बसायची.

यंदा साहेबांनी डबा पुढे करताच तिने तो हसतमुखाने भरला आणि गिऱ्हाइकांनी गजबजलेल्या दुकानात म्हणाली, "साहेब, तुम्ही दिलेलं नियमांचं पुस्तक मी वाचून काढलं हो. नमुन्याचे चार भाग करायचे, ते तुमच्या डब्यात आपसूक झाले. आता औषध तेवढं राहिलं."

"कसलं औषध?"

"दुधाचा नमुना नासू नये म्हणून घालतात ते. तुमच्या बॅगेत बाटली असेलच. घाला चार-चार थेंब. मग लाख लावून मोहोर करू. सह्यांना ही मंडळी आहेतच."

साहेबांनी बाटली काढली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बासुंदीकडे. ते औषध पडलं की बासुंदी खाण्यातून गेली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"राहू द्या," ते घाम पुसत म्हणाले, "दिसतंय की. माल उत्तम आहे."

अक्काने कागद-पेन पुढे सरकवलं. "मग तेवढं लिहून द्या, साहेब. इतकी वर्षं नमुने नेलेत, एकाचा तरी निकाल लागू दे."