जांभळी पैठणी

सांगलीचा निनाद दाढी राखून साडी नेसायचा आणि तसेच व्हिडिओ करायचा. "बाई का बाप्या?" असं कुणी विचारलं, की "दोन्हीकडून नापास," म्हणायचा. उंच टाचांवर तो एकदा असा आपटला, की त्याचा तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला!

एका साडीच्या दुकानातल्या सूनबाईंनी त्याला जाहिरातीसाठी बोलावलं. पण झुपकेदार मिशांचे त्यांचे सासरे, रावसाहेब शेटे, भर गिऱ्हाइकांत गरजले, "दाढीवाल्याच्या अंगावरची साडी कोण घेणार? चल, नीघ!"

"निघतो काका. पण आईसाठी ती जांभळी पैठणी तेवढी दाखवा. पदर कसा पडतो, बघू दे."

गिऱ्हाईक म्हटल्यावर शेटे उठले. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी भराभर निऱ्या घालून कमरेशी धरल्या, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि आरशासमोर ऐटीत वळले.

"अगंबाई, हीच द्या मला!" समोरच्या काकू म्हणाल्या.

निनादनं हात जोडले. "काका, मिशीवाल्याच्या अंगावरची तर लगेच खपली! वाईट एवढंच वाटतं, की इतकी वर्षं नेसतोय मी, आणि पदर चोपून बसतो तो तुमचा."