न वाचता केलेली सही

एक होता दगडू गवंडी आणि एक त्याची लेक कस्तुरी. कॉलेजात निमकर सरांनी तिचा प्रकल्प टेबलावर आपटला. "गवंड्याच्या पोरीला असलं मराठी येतं होय? हे एआयनं लिहिलंय, तपासायचं यंत्रच सांगतंय. नापास!"

नापास म्हणजे शिष्यवृत्ती गेली, शिक्षण संपलं. गावभर झालं, दगडूची पोर चोर निघाली.

कस्तुरी प्राचार्यबाईंकडे गेली. बाईंनी सरांना बोलावलं.

"सर, लिहिलं मीच. एआयला फक्त चुका विचारल्या, तसं शेवटच्या पानावर सांगितलंय. वाचलंत ना?"

"वाचायचं काय त्यात? यंत्रानं तपासलंय की!"

"म्हणजे यंत्र म्हणालं आणि न वाचता तुम्ही खाली सही ठोकलीत. असंच मी केलं असं म्हणत मला नापास केलंत ना, सर? मग तुम्ही कोण?"

बाईंनी प्रकल्प तिथंच बसून वाचला आणि पास केला.

माफी सरांनी मागितली नाही. गावानंही चोर हा शब्द परत घेतला नाही. पण आज कस्तुरी शाळेत शिकवते, पोरांचं पान न् पान स्वतः वाचते. आणि जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या दगडूच्या घरावर आता कुठं लेकीच्या पगारातून पक्का स्लॅब टाकलाय.