शाळेच्या छपराचा वाटा

फार पूर्वी रानातल्या सगळ्या पिल्लांची एकच शाळा होती, गवताने शाकारलेली. पुढे कोल्ह्याने दुसरी शाळा काढली, तेव्हा गवा सरपंचांनी दवंडी पिटवली, "शाळेच्या छपरातला आपापला वाटा उपसा आणि आवडेल त्या शाळेला द्या!" झालं, सगळे छपरावर चढले.

साळिंदरीणबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन, पिल्लाला ओढत, ऐटीत कोल्ह्याच्या नव्या शाळेत गेली. कोल्ह्याने पिल्लाला न्याहाळलं. "गवत झकास आहे हो! पण काटेवाली मुलं आम्ही घेत नाही. गाद्या फाटतात."

ती तणतणत जुन्या शाळेत परतली. कासव गुरुजी भर उन्हात पाढे म्हणवून घेत होते.

"काय हो गुरुजी, शाळेला साधं छप्पर नको?"

गुरुजींनी घाम पुसला. "हवं ना, बाई. उरलेलं तुमच्याच डोक्यावर आहे."