बाबांच्या कळ्या

"देवासाठी खुडलेली फुलं मेल्या माणसाच्या दिव्यापाशी ठेवता येतात का?"

पुरुषोत्तमभटानं ओसरीवर पाऊल ठेवलं आणि हेच विचारलं. नमस्कारसुद्धा राहून गेला.

बापूशास्त्री त्याचे गुरू. दात गेले होते, कान मात्र शाबूत होते. ते खलबत्त्यात विडा कुटत होते.

"गावाला शास्त्र तू सांगतोस," ते म्हणाले. "तूच सांग."

"नाही येत ठेवता."

"मग झालं तर."

"झालं नाही ना, बापू..."

पुरुषोत्तम म्हणजे शास्त्राला पक्का. तू चुकलास म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्याची लेक वेणू तापानं जाऊन महिना झाला होता.

"ती गेली ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी तापात उठली. विहिरीजवळच्या जास्वंदीच्या कळ्या खुडून तबकात ठेवल्या. रोजच ठेवायची. संध्याकाळी खुडलेली कळी सकाळी देवापुढे उमलते..."

"हं."

"सकाळी तिला पोचवून घरी आलो, तर तबकात सगळी फुलं उमललेली. लालभडक. ही म्हणाली, पोरीच्या हातची आहेत, तिच्या दिव्यापाशी ठेवते."

"मग?"

"मी नको म्हटलं. देवाची फुलं तिथं चालत नाहीत. आणि सुतकात देवालाही वाहता येईनात. तशीच राहिली. संध्याकाळी मिटली. मी नेऊन नदीत सोडली."

खलबत्ता थांबला.

"ही तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. ताट वाढते नि आत जाते. मी आपला पहाटेच बाहेर पडतो. मिळतील तेवढ्या लोकांघरच्या पूजा धरल्यात. घर खायला उठतं हो... बापू, मी शास्त्र सोडून काही केलं का? एवढंच सांगा."

"नाही केलंस."

पुरुषोत्तमनं मान वर केली. पण त्याला बरं वाटलेलं काही दिसलं नाही.

"कळ्या खुडताना ती काय म्हणायची रे?"

"वेणू? लहान पोर ते. तिला मंत्र कुठले यायला..."

"मंत्र कोण विचारतंय तुला? काय म्हणायची?"

"आईला ओरडून सांगायची. बाबांच्या कळ्या काढल्या गं."

"कुणाच्या?"

"बाबांच्या... माझ्या."

मग तो रडला. स्मशानातही तो रडला नव्हता. तिथं मंत्र म्हणणाऱ्याच्या चुका काढत बसला होता. आता उपरण्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला.

बापूशास्त्रींनी त्याला रडू दिलं. मग भिंत धरत अंगणात उतरले. उन्हं कलली होती. तिथल्या जास्वंदीच्या टपोऱ्या कळ्या त्यांनी एकेक करून खुडल्या, आणि परत येऊन त्याच्या ओल्या उपरण्यात घातल्या.

"देवाला वाहू?"

बापूशास्त्रींनी उपरण्याची गाठ मारून ते त्याच्या हातात दिलं.

"मग... तिच्या आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. उद्या सकाळी या उमलतील, तेव्हा घरी अस."