वासाची वाट

फार मागची गोष्ट. मुंग्या तेव्हा रांगेत चालत नसत. जी ती आपल्या वासाने आपली वाट आखायची, दुसरीला त्याचा पत्ता नसायचा. एकदा ठुसकी नावाची मुंगी धापा टाकत वारुळात शिरली.

"आत्याबाई, गूळ! गुऱ्हाळात अख्खी ढेप फुटलीय!"

एकच कल्ला उडाला! पिल्लं कालपासून उपाशी होती. प्रत्येक मुंगी आपल्या नव्या वाटेने धावली आणि हात हलवत परत आली.

म्हातारी आत्याबाई करवादली, "अगं शहाण्यांनो, ठुसकीच्या वासावर चाला की! सगळ्यांची वाट एकच. पण चालणारी थांबली, की वास उडाला आणि वाट मेली."

मग काय, सगळ्या सुसाट सुटल्या! ढेपेपाशी पोचल्या आणि खातच बसल्या. ठुसकी गुळाला तोंड लावणार, इतक्यात तिने मागे पाहिलं. वाटेवर कुणीच नव्हतं. वारा सुटला होता, वास विरत चालला होता, आणि पिल्लं राहिली होती पलीकडे.

"एक घास तरी खा गं!" बाकीच्या ओरडल्या.

"तुम्हीच गिळा, भवान्यांनो!" म्हणत ठुसकी उलटी पळाली. वारुळापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. वास पुन्हा दाटला. मग खजील होऊन एकेक मुंगी गुळाचा कण घेऊन तिच्या वासामागे निघाली.

पिल्लांची पोटं टम्म झाली, तरी ठुसकी उपाशीच धावत होती. समोरून आत्याबाई आली. तिने ठुसकीला थांबवलं नाही, चालता चालता आपल्या तोंडातला गूळ तिच्या तोंडात भरवला.

मुंग्या वाटेत भेटल्या की तोंडाला तोंड लावतात, ते तेव्हापासून.