सुभ्यात न उरलेला शीख

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. नांदेडच्या एका सरदारजींनी मला सांगितली. म्हणजे, मी त्यांना सांगितली आणि त्यांनी मान डोलावली, एकूण एकच.

मुघलांच्या काळी पंजाबात मुनव्वर खान नावाचा सुभेदार होता. त्याने दिल्लीला कळवलं, "माझ्या सुभ्यात आता एकही शीख उरला नाही." खूश होऊन दिल्लीने आपल्या वकिलाबरोबर, म्हणजे दूताबरोबर, मानाचा पोशाख धाडला. भर दरबारात खान तो अंगावर चढवतोय, तोच उत्साही शिपायांनी जंगलात पकडलेला म्हातारा लढवय्या खजानसिंग पुढ्यात आणून उभा केला. निळी पगडी, पांढरी दाढी, हातात बेड्या.

खान ओरडला, "उडवा याचं डोकं!"

"उडवा की," खजानसिंग म्हणाला. "फक्त या पाहुण्यांना सांगा, डोकं कुणाचं? शीख तर उरलाच नाही म्हणे."

वकिलाने भुवई उंचावली. खानाचा हात बाहीत अडकला होता, तो तिथेच राहिला.

"मग म्हण, मी शीख नाही. आणि चालता हो!"

"मी का म्हणू? मी शीखच आहे. नाही म्हणताय ते तुम्ही, खानसाहेब. मला मारायचं तर आधी तो पोशाख उतरवा."

खानाने दातओठ खात बेड्या काढायला लावल्या. दारातून खजानसिंगाने शिखांच्या 'बोले सो निहाल' या जयघोषाची अशी आरोळी ठोकली की झुंबरं हलली.

"कोण ओरडलं?" वकिलाने विचारलं.

"वारा असेल," खान म्हणाला.

आता कबूल करतो. दरबार, पोशाख आणि सुटका मी घुसडली. असे पकडलेले फारसे परत येत नसत. 'मी शीखच आहे' एवढं मात्र माझं नाही, त्या पकडलेल्यांचं आहे. सरदारजींनी मान डोलावली ती तेवढ्याच वाक्याला.